मपली खूण, तुपली खूण

जालन्याच्या एमआयडीसीत ट्रक एक, ड्रायव्हर दोघं.
दिवसपाळी मपली, रातपाळी उत्रेश्वरची.
चावी वॉचमनच्या खोलीत, खिळ्याला.
सात महिने एकाच सीटवर बसलो,
तोंड मात्र एकमेकाचं पाहिलं नाही.
उंच असणार गडी, एवढं कळलं आरशावरून.

सकाळी बसलो की आरशात नुसतं आभाळ.
भट्टीच्या चिमणीचं टोक, एखादी घार,
आणि मागं काय चाललंय त्याचा पत्ता नाही.
काट्यावर भंगाराची गाडी मागं घ्यायची
ती काय घारीला विचारून घ्यायची?
वळवायचो मग खाली, शिव्या देत.
रात्री त्याला म्हणे फक्त टायर दिसायचं.
त्याच्याही शिव्या असतीलच,
त्या वॉचमनच्या कानावर पडत.

रोज दोनदा वळून वळून
गोळा झिजला, वाटी सैल झाली.
अंबड रोडच्या खड्ड्यांत
आरसा मान टाकायचा, पेंगणाऱ्या क्लीनरसारखा.
मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत घातला,
त्यानं वरून तार आवळली.
मी तार काढली.
त्यानं सीटवर चिठ्ठी ठेवली:
"तार काहून काढली बे?"
मी मागच्या बाजूला लिहिलं:
"आरसा काय तुपल्या बापाचा हाय?"
दुसऱ्या दिवशी तिसरी ओळ:
"बापाचा नाही, शेठचा हाय. रऊफ मिस्त्रीला दाखव."

रऊफ मिस्त्रीनं गोळा बोटावर फिरवला,
ऐकल्यासारखं केलं,
नवी स्प्रिंग टाकली, तेरा नंबरचा पाना लावला.
"लई आवळला तर धक्क्याला तुटतो,
सैल ठेवला तर रस्ता हलतो.
एवढाच कसायचा,
की हाताला वळंल, वाऱ्याला नाही."
मग पाइपात पाइप सरकवला,
कानशीनं दोन खाचा पाडल्या,
खीळ साखळीला बांधली, हरवू नये म्हणून.
गोळ्यावर छिन्नीचे दोन घाव.
खालची खाच मपली, वरची तुपली.
ऐंशी रुपये. चाळीस मी दिले,
चाळीस त्यानं सीटखाली ठेवले,
वर एक संत्र्याची गोळी.

त्यानंतर चिठ्ठ्या थांबल्या.
भांडायला काही उरलंच नाही,
जरा चुकल्यासारखंच झालं.

मग पौषातली एक सकाळ.
खीळ लटकत होती. आरसा
माझ्या खाचेत नाही, त्याच्याही नाही,
मधेच कुठंतरी, आत वळवलेला.
बसलो तर समोर मपलंच तोंड.
दाढी वाढलेली, डोळ्यात झोप.
काचेवर अंगठ्याचा ठसा.
एवढ्या जवळून त्यानं काय पाहिलं असंल?
गंमत वाटली आधी. म्हटलं, गड्याला पोरगी पाहायला जायचं असंल.

दुपारी वॉचमन बोलला.
भट्टीची ठिणगी, उजवा डोळा.
खाली उतरून, दिव्याखाली,
आरशात बोटानं पापणी वर करून
उभा होता बराच वेळ.
मग स्वतःच चावी खिळ्याला लावली
आणि रिक्षा करून गेला.

नवा ड्रायव्हर बुटका, माझ्याएवढाच.
आरसा हलवायचं कामच राहिलं नाही.
वरच्या खाचेत गंज धरायला लागला,
तिथं मी अधूनमधून ग्रीसचं बोट लावतो.
नवा विचारतो, तिथं कशाला?
म्हटलं, असू दे.

परवा वाळूजहून पत्र्याचं भंगार भरून येत होतो.
बदनापूरच्या पुढं, उजव्या हाताला
नवं किराणा दुकान, निळी ताडपत्री.
समोरून जाताना ध्यानात नाही आलं.
पुढं गेल्यावर आरशात दिसलं,
छपराला डोकं टेकंल एवढा उंच माणूस,
काळा चष्मा, हातात तराजू,
ट्रककडं मान वळवून बघत.
आरसा बघत असंल. आरशाचा पाइप.

मागं ट्रॅव्हल्सवाला बोंबलत होता,
थांबता नाही आलं.
हॉर्न मारला दोनदा.
त्यानं हात वर केला,
का माशी हाकलली,
ती काच थरथरत होती म्हणून
नीट कळलं नाही.
जालन्यात शिरल्यावर आधी पाना काढला
आणि नट पाव आटा आवळला.