नाव ठेवणे

सोलापूर, साखर पेठ. नरसय्या मेरगूंचा संगणक
बंद पडला, आतल्या चोरीच्या विंडोजसकट.
मी पेनड्राइव्ह लावला. लिनक्स.

"किती जण वापरतात हे?"
शंभरात तीन-चार, मामा.
"मग बरंय की. हातमागाहून जास्तच."

पडद्यावर अक्षरं धावू लागली,
खाली माग ठाकठाक.
"फुकट आहे?"
फुकट म्हणू नका, उघडं म्हणा.
आतलं सूत वाचता येतं,
उसवून आपल्या मापाचं विणता येतं.

त्यांनी खुंटीवरची जेकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ काढली,
ट्यूबलाइटसमोर धरली.
त्यांच्या बनियनवर उजेडाचे ठिपके.
"हा मोर. भोकं मोजता आली
की कुणालाही येतो.
सत्त्याण्णव साली मी काढला.
पुढच्या दिवाळीला परगावच्या चादरीवर हाच,
मान तेवढी आखूड."

म्हटलं, इथं नक्कल चालते,
फक्त मूळ करणाऱ्याचं नाव ठेवावं लागतं.

नरसय्या तेलुगूत काहीतरी पुटपुटले,
मग मराठीत हसले,
"आमच्यात नक्कल करतात
आणि वर नावं ठेवतात."

यंत्र सुरू झालं. पासवर्ड काय देऊ?
"मोर."
मी टाइप करणार, इतक्यात
"थांब. लांब मानेचा मोर."