बुगडीच्या जागी

दिवसभर मी लोकांच्या शिरा शोधते.
मूठ आवळा, म्हणते, हिंदीत, अरबीत, मोडक्या मल्याळममध्ये,
आणि सुई आत गेली की, सोडा.
गेल्या महिन्यात मारिसेलनं माझी शीर शोधली.
आकडा आला तो मीच छापला, मीच फाईलला लावला.
रोज चाळीस मिनिटं चाला, डॉक्टर म्हणाले.
पायांचं ठीक आहे,
पण तेवढा वेळ कानांनी काय करायचं?

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी रुवीत, नौशादच्या दुकानात.
काचेखाली इवल्या डब्या
कवळ्यांसारख्या आ वासून.
ओजसनं मिरजेहून सूचना पाठवलेल्या, बोलूनच:
आई, घामाला टिकणारं बघ.
आई, बॅटरी सहा तास तरी पाहिजे.
आई, बाहेरचा आवाज मारणारं घेऊ नकोस,
मागून गाडी आली तर कळायचं नाही तुला.
सोनारानंच कान टोचावेत म्हणतात,
आमच्यात ते काम अकरावीतल्या पोराकडे आलंय.

वायरवालं नऊशे बैसा.
अजून मला बैसा म्हटलं की पैसाच ऐकू येतं
आणि तोंडातल्या तोंडात मी दोनशेवीसनं गुणते.
स्वस्त आहे, पण वायर कोटाच्या बटणात अडकणार.
गळ्यात घालायचं, तीन रियाल.
ते थेट स्टेथोस्कोपसारखं,
निदान चालताना तरी नको.
बारा रियालचं नौशादनं हौसेनं माझ्या हातात दिलं, घालून तर बघा,
आणि रुवीचा अख्खा रस्ता गेला.
हॉर्न गेले, एसीची घरघर गेली,
शेजारच्या चहावाल्याचं पातेलं हलत होतं, मुकं.
मी दचकून काढलं.
अकरा वर्षं या गावात कुणी हाक मारेल म्हणून कान उघडे ठेवलेत,
ते बारा रियाल देऊन बुजवू?
(खरं तर बारा रियाल हेच कारण होतं.)

गॅरंटी?
तीन महिने, चेची.
माझ्या व्हिसाची बरी मग, दोन वर्षांची असते.

शेवटी साडेचारचं, कानावरून आकडा असलेलं.
रबरी टोपणं तीन मापांची,
मला सगळ्यात लहान, तरी डावं निसटायचं.
आकडा वरच्या कडेवरून घ्या, नौशाद म्हणाला, असा,
आणि तो बसला तो नेमका
बुगडीच्या भोकावर.
भोक बुजत आलंय.
बुगड्या एजंटाच्या दुसऱ्या हप्त्यात गेल्या,
वजन किती भरलं होतं ते पाठ आहे, सांगत नाही.
तिथं आता काळं प्लास्टिक.
पावती घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली.

पहाटे पाचला मत्राच्या कॉर्निशवर.
हवा न पिळलेल्या टॉवेलासारखी.
मासळीबाजाराकडे बर्फाची गाडी रिकामी होत होती.
आधी गाणं लावलं, तर ढोलकी थेट पोटात.
बंद करायला गेले आणि बोट चुकून ओजसवर पडलं:
आई, घामाला टिकणारं बघ.

हे मी चारदा ऐकलं होतं, फोन ओट्याला टेकवून, भांडी घासता घासता.
आता त्याच्या मागची खोली ऐकू आली.
पंख्याची टकटक. बादलीत पडणारं पाणी.
आणि पोराच्या श्वासाइतक्या जवळ, पण हळू,
ज्याला अकरा वर्षांत फोनवर
आले पैसे आणि ठेवतो, याखेरीज बोलता आलं नाही, तो:
चांगलं घे म्हणावं. स्वस्तातलं नको.

मी थांबले.
होडीतला माणूस दोर गुंडाळायचा थांबून बघायला लागला,
म्हणून परत चालू लागले.
परत लावलं.
पाणी, पंखा, पोरगा, आणि मग ते.
परत.

कानातली बाई म्हणाली, बॅटरी लो.
सहा तास कसले, दीड तासही नीट झाला नव्हता.
नौशादशी जाऊन भांडायला हवं.
सातची ड्यूटी, आणि मी बंदराच्या पार त्या टोकाला,
चाळीस मिनिटं केव्हाच होऊन गेलेली.