चार आणे

लॉ कॉलेज रोडवरच्या त्या थंडगार थिएटरातून
बाहेर पडलो तेव्हा साडेनऊ वाजले होते
आणि पार्किंगमध्ये वाद सुरूही झाला होता.
नव्या मुलांपैकी एकजण, तेजोमय की काय नाव,
हेल्मेट काखेत धरून म्हणाला,
"अकरा मिनिटं ती बाई कळशी घासते.
अकरा. मी मोजली."
इरावती घैसास, आमच्या सोसायटीच्या चिटणीस,
स्कूटरची किल्ली त्याच्यावर रोखून:
"मोजत बसलास, म्हणून दिसलं नाही."

मी गप्प.
तीस वर्षं या सिनेमाची वकिली केली मी, फुकट,
लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या कॅन्टीनमध्ये,
एकदा तर भूल उतरता उतरता डॉक्टरांपुढे.
ज्याला आवडला नाही त्याला
मनातल्या मनात खालच्या वर्गात बसवलं.

रिसबूड तेव्हा मध्यंतरातच उठला होता.
"कळशी आमच्याकडेही घासतात," म्हणाला,
"आणि तिथे बसायला खुर्ची बरी आहे."
कर्वे रोडपर्यंत मी भांडत चालले,
नळस्टॉपला दोघांचा चहा निवला,
पुढे अडीच महिने अबोला.

आज पुन्हा पाहिला.
स्वच्छ केलेली प्रत, एक डाग नाही,
आणि मला आठवत होता तो पाऊस
पडद्यावर कुठे नव्हताच.
ते रिळावरचे ओरखडे होते.
मधला तासभर मी घड्याळ पाहिलं, चोरून,
देवळात जांभई द्यावी तसं.
नायक भिंतीकडे बघतो.
भिंतीचं काम चांगलं झालंय.

पण शेवटाकडे, कळशी पुन्हा येते तेव्हा,
डाव्या कोपऱ्यातून एक कुत्रं शिरतं.
कुणी बोलावलेलं नाही.
बसायचं ठरवतं, एक गिरकी घेतं,
बसत नाही.
बाईच्या मुठीतली राख गळते
आणि नटीला क्षणभर पुढचं काही आठवत नाही.
तिथे माझा घसा आजही दाटला.

"मावशी, तुम्ही सांगा. खरंच एवढा थोर आहे?"
तेजोमय अजून अकरावरच अडलेला.
मी म्हटलं, गाडी काढ आधी, माझी मागे अडकलीय.

रिसबूड, तुला वैकुंठात पोचवून चार वर्षं झाली.
सोळा नाही, पण बारा आणे तुझं खरं होतं.
हे मी घैसासबाईंना सांगणार नाही.
उरलेले चार आणे मात्र सोडत नाही,
ते मध्यंतरानंतर आहेत.
त्यासाठी तुला परत आत यावं लागेल.
खुर्च्या आता बदलल्यात.