यादी भाग क्रमांक एकशे बारा

अंगणवाडीला कुलूप लावून निघते,
मतदार यादी पिशवीत, लाल पेन अंबाड्यात खोचलेलं.
अनेरच्या काठी भोनगव्हाण:
छापील माणसं आठशे त्रेचाळीस.

गाव कोणी वसवलं? गुजर आळीत सांगतात,
आमच्या पणज्याच्या सात गाड्या आल्या
तेव्हा इथे नुसतं निंबाचं रान.
भिलाटीतला रुमाल सोनवणे बिडी विझवतो:
"त्या गाड्यासले वाट कोनी दाखाडी, ते बी लिख ना."
माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही.

पहिल्या आळीत सतरा घरं, अकरा कुलपं.
कुलपामागचा माणूस कुठाय,
शेजारी मान वर न करता सांगतात:
उधना. लिंबायत. उधना. पांडेसरा.
लूमवर. साड्यांना खडे चिकटवायला. उधना.
नियमानं ही नावं कापायची.
पण मतदानाच्या आदल्या रात्री याच नावांनी भरून
दोन लक्झरी येतात, भाडं पॅनलचं,
आणि पहाटे त्या घरांतून धूर निघाला की
गल्लीतली कुत्री
चोर शिरल्यासारखी भुंकतात.

ठगूबाई दारातच बसलेली.
यादीत तिचा नवरा, फोटोत टोपी तिरकी.
जाऊन चार वर्षं झाली.
"ऱ्हाऊ दे ना वं माय, तो काय कोनं खास?"
मी पेन काढते. परत खोचते.

मागच्या खेपेला वॉर्ड तीनमध्ये
एकशे सहाला एकशे सहा पडली.
साहेबांनी दोन चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या,
एखादं लहान पोर बोलवा म्हणाले.
सापडली पवित्रा,
केळीच्या बागेत रखवालीला राहिलेल्या पावऱ्यांची,
जिचं नाव हजेरीपटावर पेन्सिलनं
आणि बाकी कुठेच नाही.
तिनं डोळे गच्च मिटून हात घातला.
गुलाल तिच्याही डोक्यावर पडला.
ढोल सुरू झाला तरी ती डब्यापाशीच,
"दुसरीवर काय लिहेल शे?"
साहेब गाडीत बसत होते.

दिवेलागणीला ओट्यावर बेरीज करते.
मयत: अठरा. एक धरलेला नाही.
स्थलांतरित: पेन्सिलनं काहीतरी लिहिते, खोडते.
शेवटच्या पानावर मी स्वतः.
नाव सासरचं, वय दोन वर्षांनी जास्त,
फोटोत डोळे मिटलेले.
समोर खूण करते: बरोबर.