रिकाम्या फंक्शनला लागलेला वेळ

क्लाइपेडा बंदराचं गेट पहाटे पाचला उघडतं
आणि साडेपाच मिनिटं कुणालाच आत सोडत नाही.
ट्रक घुरघुरत उभे. दिव्यांभोवती खाडीचं धुकं.
वजनाच्या पावत्या अजून तयार होताहेत.

वर काचेच्या खोलीत स्किरमान्ते,
पायांत मोज्यांचे दोन जोड,
शोधते आहे
ही साडेपाच मिनिटं कोण खातं.

संशयित एकच. आल्गिमान्तसचं फंक्शन,
पायथनमधलं, डेटाबेसच्या पोटात बसवलेलं,
जेमतेम चौदा ओळींचं:
कंटेनरचं वजन घे, ओलाव्याची सूट वजा कर, परत दे.
बोटांवर होईल असा हिशेब.
माथ्यावर त्याची टीप: तात्पुरतं आहे, उन्हाळ्यानंतर बदलतो.
कुठला उन्हाळा, ते लिहिलेलं नाही.
आल्गिमान्तस आता मधमाश्या पाळतो
आणि फोन उचलत नाही.

टेबलात चार कोटी ओळी.
(माझ्या या कवितेत साठ-सत्तर,
त्याच ओढताना दम लागतोय.)

ती गणित तपासते. गणित निर्दोष.
मग ती वजाबाकीच उपटून टाकते,
काहीच न करणारं फंक्शन लिहिते:
जे आलं, तेच परत दे.
चालवते.

पावणेचार मिनिटं.

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
हे ऐकून होतो आपण;
इथे तर भांड्यात कोंबडीच नाही
आणि मसाला शिजतोय पावणेचार मिनिटं.

कामाला वेळ लागतच नव्हता फारसा.
लागत होता तो येण्याजाण्याला.
एकवीस पूर्णांक चार टन
दाराशी येतात, आकडेपण उतरवतात,
अक्षरं होतात, पलीकडे पाऊल टाकतात,
तिथे पुन्हा आकडा होतात तिथल्या रीतीचा;
परतताना पुन्हा तेच, उलट्या क्रमानं.
चार कोटी वेळा जोडे काढायचे आणि घालायचे
अशा घरात, जिथे कुणी
बसा म्हणत नाही.

ती तोच हिशेब घरच्या बोलीत लिहिते,
साध्या एसक्यूएलची एक ओळ.
नऊ सेकंद.
उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत तेच.

दुसरं एक फंक्शन मात्र ती तसंच ठेवते.
तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं
एकाच जहाजाचं नाव जुळवणारं.
ते घरच्या बोलीत जमत नाही,
आणि रोज येतात फार तर चाळीस जहाजं.
आल्गिमान्तसची टीपही तशीच. फक्त
उन्हाळ्यानंतर हा शब्द ती थोडा वेळ बघते.

पाचला गेट उघडतं आणि खरंच उघडतं.
पहिल्या ट्रकमध्ये तोख्तासिन, फरगाना खोऱ्यातला,
पावती इतक्या लवकर हातात आल्यानं गोंधळलेला.
शिफ्ट संपवून निघालेल्या तिला तो काच खाली करून विचारतो,
आज काय झालं?

उझबेकमध्ये सुचलेलं, रशियनमध्ये विचारलेलं,
तिला लिथुआनियनमध्ये कळलेलं.
ती उत्तर शोधते, ते रशियनमध्ये नेते,
वाटेत एका शब्दाची विभक्ती चुकते;
तो ते त्याच्या गावापर्यंत नेतो
आणि हसतो, जरा उशिरानं.

मागचा ट्रक हॉर्न वाजवतो.
तो अजून काच वर करत नाही.
ती विचारते, तुमच्याकडे
धुक्याला काय म्हणतात?