धुण्याचा धोंडा

खाण बंद झाली तेव्हा कंपनीने दिलं
दोन महिन्यांचं वेतन आणि हेल्मेट.
धोंडा मी आपला आपणच आणला.
रॅम्पच्या कडेला पडला होता, सपाट,
लोखंड कमी, सिलिका जास्त,
नमुन्याच्या लायकीचा नाही म्हणून मीच बाजूला सारलेला.

सव्वीस वर्षं माझं काम एवढंच,
दगडाला विचारायचं, तुझ्यात किती?
आणि ओलावा वजा करून वहीत मांडायचं.
बासष्ट पूर्णांक चार. अठ्ठावन्न पूर्णांक नऊ.
त्या आकड्यांवर बार्जी भरायच्या,
मांडवीतून मुरगावला, तिथून बोटीने कुठे कुठे.

सुकांतीने धोंडा विहिरीकडे मांडला,
डुगडुगू नये म्हणून खाली करवंटीचा तुकडा.
त्यावर आपटले तिने
माझे तांबडे शर्ट, मूळचे पांढरे,
पोरांचे युनिफॉर्म, नातवाची दुपटी,
सासूच्या शेवटच्या दुखण्यातल्या चादरी.

काजूची बोंडं पिकत होती तेव्हा जीप आली.
वालेंतिना मिनेझिस, कुडचड्याची, गळ्यात भिंग.
जुन्या पिटाची वाट विचारली, पाणी मागितलं,
आणि तांब्या ओठाशी तसाच धरून राहिली.
"आंटी, हें कोणें घासलां?"
सुकांतीला वाटलं, काहीतरी तक्रार आहे.
"कोण घासतलो? हांव."

ती गुडघ्यांवर बसली, साबणाच्या पाण्यात.
आमच्या चक्रीवर अशी लकाकी येत नाही, म्हणाली.
रेघा आम्हालाही ठाऊक होत्या,
एकीवर एक, मध्ये मध्ये फुगलेल्या.
ती म्हणाली, बिबिंक.
हे भूगर्भवाले सगळेच बिबिंक म्हणतात.
मला आठवायचा खाजनातला चिखल,
भरती ओसरल्यावर सालं धरतो तो.
तेच जास्त जवळचं निघालं.

अडीच अब्ज वर्षं, ती म्हणाली, कमीत कमी.
इथे उथळ समुद्र. मासा नाही, शिंपली नाही,
शेवाळही म्हणवणार नाही असलं काही बुळबुळीत
उन्हाकडे तोंड करून पसरलेलं.
गाळ बसला की त्याच्यावर चढायचं.
परत बसला, परत चढायचं.
आणि त्याने सोडलेल्या हवेने
समुद्रात विरघळलेलं लोखंड गंजून तळाला गेलं.

आमचं लोखंड? मी विचारलं.
तुमचंच.

मी सुपारी कातरायला घेतली. कातरता आली नाही.
कुणाचा तरी श्वास होता तो,
आणि मी त्याचा ओलावा वजा करत होतो.

तिला धोंडा न्यायचा होता.
"आनी कपडे हांव खंय धुवूं?"
याला विज्ञानाकडे उत्तर नव्हतं.
शेवटी एक कोपरा ठरला.
मशीन आणलं, पाणी ओतत ओतत कापलं,
चौकोनी, हातात मावेल एवढा.
दिवसभर विहिरीवर जळकट वास राहिला.

पत्र चवथीच्या आठ दिवस आधी आलं.
इंग्रजी. नातवाने वाचलं, अडखळत.
दगड कागदाहून पातळ केला, त्यातून उजेड सोडला.
रेघा आहेत. फुगवटे आहेत.
जीव असेल. किंवा दाबाखाली चुरगळलेला नुसता दगड,
तोही कधी कधी जीवासारखा वळतो.
खात्रीने लिहिता येत नाही, क्षमस्व.

क्षमा कसली?
मी जुनी वही काढली,
वाळवीने कडा खाल्लेली,
आणि टक्क्यांच्या रकान्यात लिहिलं, कदाचित.
एवढ्या वर्षांत तिथे पहिल्यांदाच अक्षर.

सुकांतीने सगळं ऐकून घेतलं.
"ताका जीव आसलो जाल्यार
इतलीं वर्सां हांव ताका मारताली?"
दोन दिवस तिने धुणं हातावरच चोळलं,
धोंड्याला न लावता.
तिसऱ्या दिवशी चवथीच्या पाहुण्यांसाठी
पेटीतल्या चादरी निघाल्या, पडदे निघाले,
आणि पुन्हा धपाधप सुरू.

कापलेल्या कोपऱ्यात आता साबणाची वडी ठेवते ती.
नेमकी बसते.