पाऊण फेरा

नाना पेठेतला पोरगा गल्ल्यावरून उठलाही नाही.
"मॉडेल बोला काका, साल बोला."
मागे हात घालून डबा काढला, फुंकर मारली.
एवढासा. चहा-साखरेच्या डब्याशेजारी सहज खपून जाईल.

रविवारी धनकवडीत, पार्किंगमध्ये,
पुढची चाकं रॅम्पवर, मागच्यांना विटा,
आणि मी गाडीच्या पोटाखाली.
यासीन मिस्त्रीनं सांगून ठेवलेलं:
ऑइल कोमट असताना उतरव,
आणि नव्याला पाना लावायचा नाही.
रबर टेकलं की हातानं पाऊण फेरा. बस.

परातीत काळी धार, मग थेंब,
मग थेंबाची वाट बघणं.
जुना फिल्टर हलेना. पॉलिश पेपर गुंडाळून पिळला,
तेव्हा सुटला, कोपरापर्यंत ओघळ सोडून.
नव्याच्या रबरावर बोटानं ऑइल फिरवलं,
बाळाची टाळू भरतात तसं.
पाऊण फेरा. वरून तीन लिटर.
चावी फिरवली, लाल दिवा विझला, मी खूश.

मोहोळकरांची नात सायकलवरून म्हणाली,
"आजोबा, तुमची गाडी शू करतेय."

पुन्हा खाली. नवा काढून पाहतो तर
जुन्याचं रबर इंजिनलाच चिकटलेलं.
डबा गेला, कडं मागे राहिलं.
रबरावर रबर. गळणारच.
नखानं सोललं.

रात्री जुना डबा पत्र्याच्या कात्रीनं कापला.
आत कागद!
तीस वर्षं बायंडिंग करतोय,
कागदापुढे माझा हात आपोआप हळू होतो.
घड्या मोजल्या. छप्पन्न. एकही तिरकी नाही.
उलगडला तर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबला.
एवढा ताव एवढ्याशा डब्यात,
आणि सगळं ऑइल याच्यातून जायचं,
कात्रजचा चढ असो की हिच्या डायलिसिसच्या फेऱ्या.
दिव्याखाली धरला. काळ्यात बारीक चमक:
लोखंड. इंजिनानं स्वतःचंच झिजवलेलं, चिमूटभर.

हिनं चष्मा वर केला.
"वाचता येतंय का काही?"
म्हटलं, किलोमीटर.
ती कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली,
मग म्हणाली, "माझाही असाच असतो. तो मात्र पांढरा."

हात तीनदा धुतले. नखांत राहिलंच.
सोमवारी एका प्रबंधाच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर
माझा अंगठा उमटला, रेघ न् रेघ.
पुठ्ठा बदलून दिला. पैसे नाही लावले.